शांघायला निघताय? आधी पासपोर्टवरचं नाव बघा

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वाचकांनी प्रश्न विचारायचे, असं हे सदर. या वेळी उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या इचलकरंजीच्या. शांघायमध्ये एका निर्यात कंपनीत त्या कापडाच्या तपासणीचं काम करतात.

माझ्या मिस्टरांना शांघायमध्ये नोकरी लागली आहे. ते पुढच्या महिन्यात जातील, मी आणि मुलगी नंतर. कागदपत्रांची काय तयारी करू? मला तिथे नोकरी करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

नोकरीचं आधी सांगते, कारण याच मुद्द्यावर इथे येऊन बायका हिरमुसतात. मिस्टरांच्या नोकरीवर तुम्ही याल ते एस१ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर. आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्या परवान्यावर राहता येतं, कमावता येत नाही. पैसे घेऊन शिकवणीसुद्धा नाही. काम करायचं तर स्वतःच्या नावाचा कामाचा परवाना लागतो आणि तो काढून देणारी कंपनी आधी सापडावी लागते. लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला साक्षांकनाच्या सगळ्या पायऱ्या चढवून भारतातूनच आणा. राहिलं तर नाशिकमधल्या कोणा दिराला किंवा भावाला तुमच्यासाठी हेलपाटे घालावे लागतील.

उतरल्यावर पहिलं काम पोलिसांकडे नोंद. हॉटेलात असाल तर हॉटेलवाले करतात. भाड्याच्या घरात गेलात तर २४ तासांत घराचा करार आणि पासपोर्ट घेऊन जवळच्या चौकीत जायचं. शांघायमध्ये ही नोंद ऑनलाइनही होते. घर बदललं की पुन्हा. घराला साधारण एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम मोजतात, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

आता ज्याबद्दल कोणी आधी सांगत नाही ते. तुमचं नाव. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं नाव, त्याला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि वेगळ्या रकान्यात आडनाव असतं. चिनी नावं दोन-तीन अक्षरांत संपतात आणि इथले फॉर्म त्याच मापाचे. बँकेतली मुलगी आडनाव आधी टाकते, सिमकार्डवाला शेवटी टाकतो, हॉस्पिटलच्या खिडकीवर मधलं नाव गाळतात कारण चौकटीतली जागा संपलेली असते. त्या त्या वेळी काम होऊन जातं, म्हणून आपण गप्प बसतो. मग वीचॅटला, म्हणजे इथे गप्पा आणि पैसे दोन्ही ज्यावरून चालतात त्या अ‍ॅपला, बँकखातं जोडायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरं येतात. नाव, पासपोर्ट नंबर आणि मोबाइल नंबर हे तिन्ही बँकेतल्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, दोन नावांमधली मोकळी जागासुद्धा. आणि वीचॅट किंवा अलीपे हे पैसे देण्याचं दुसरं अ‍ॅप चालत नसेल तर इथे भाजी, टॅक्सी, रस्त्यावरची भाड्याची सायकल, हॉस्पिटलचा नंबर, सगळंच अडतं. नोटा कायद्याने घ्याव्याच लागतात, पण दुकानदाराकडे सुट्टे नसतात हेही तितकंच खरं.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या क्रमाने, मोठ्या अक्षरांत, सगळीकडे तेच. कागदावर लिहून काउंटरपलीकडच्या माणसासमोर धरा आणि त्याने काय टाइप केलं ते पडद्यावर बघितल्याशिवाय उठू नका. लाजायचं काहीच कारण नाही, चिनी माणूस काउंटरवर यापेक्षा जास्त भांडतो. पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, मग बँक, सिम, सगळीकडे परत फेरी. सध्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर निघण्याआधीच नवा करून घ्या.

मुलीच्या शाळेबद्दल कंपनीशी आत्ताच बोला. इंटरनॅशनल शाळेची वर्षाची फी दोन-तीन लाख युआनच्या घरात असते आणि एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपये. घरभाडं आणि मुलांची फी यांचे भत्ते रीतसर पावत्या दिल्या तर परदेशी कर्मचाऱ्याला २०२७ अखेरपर्यंत करमुक्त आहेत. त्यामुळे ते पगारात मिसळून न घेता करारात वेगळे लिहून घ्या. मिस्टर सही करून मोकळे झाले असतील तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आम्ही जैन. कांदा-लसूणही चालत नाही. व्यवसायासाठी शांघायला दोन-तीन महिने राहायचं आहे. खाऊ काय?
– एक वाचक, जयसिंगपूर

‘चीनमध्ये झुरळं खातात’ हे तुम्हाला आतापर्यंत पंधरा जणांनी सांगितलं असेल. ते विसरा. तुमची खरी अडचण हिरव्या पालेभाजीत आहे. थाळीत दिसते ती नुसती पालेभाजी, पण ती डुकराच्या चरबीवर परतलेली असू शकते, वरून ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, आणि हमखास चिमूटभर चिकन पावडर. आचाऱ्याच्या लेखी ती भाजी शाकाहारीच आहे, कारण त्यात मांसाचा तुकडा नाही. नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी, चरबी, अंडं, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर, कांदा, पात, लसूण, काय काय नको त्याची चिनीत यादी करून फोनमध्ये ठेवा आणि वेटरला न दाखवता आत आचाऱ्याला दाखवायला सांगा.

कांदा-लसणाच्या बाबतीत मात्र तुम्ही नशीबवान. चिनी बौद्ध परंपरेत भिक्षू कांदा-लसूण वर्ज्य मानतात, त्यामुळे बौद्ध शाकाहारी हॉटेलांत तो प्रश्नच उरत नाही. नानजिंग पश्चिम रस्त्यावरचं गोंगदलिन १९२२ सालचं आहे. तिथे सोयाबीन आणि गव्हापासून बदकाच्या, माशाच्या आकाराचे पदार्थ करतात. तुम्हाला ते बघूनच नको वाटेल, पण आत काही नसतं. जेड बुद्ध मंदिरातही शाकाहारी नूडल्स मिळतात. अडतं ते पुढे: या स्वयंपाकाचा कणा म्हणजे मशरूम, कमळाचा देठ आणि कंद. कंदमूळ पाळत असाल, मशरूम चालत नसेल, तर ही हॉटेलंही अर्धीच तुमची.

त्यामुळे घरी चूल पेटवा. पहिल्यांदा बाजारात जाल तेव्हा तुम्हाला बरं वाटेल. लाल माठ अगदी आपल्यासारखा, उन्हाळ्यात ढिगाने. घोसाळी, कारली, कोहळा, चवळीच्या शेंगा, भेंडी. कोथिंबीर तर बारा महिने. मार्चच्या सुमाराला शांघायमध्ये त्साओथोउ नावाची कोवळी पालेभाजी येते. तीन पानांची, मेथीच्या जवळच्या नात्यातली. इथले लोक ती दारूचा शिडकावा देऊन मोठ्या आचेवर परततात. मी मूगडाळ घालून करते. मेथीचा कडूपणा नाही, पण वास बराचसा तोच. माझ्या चिनी मैत्रिणीने चाखून ‘एवढं का शिजवलंस?’ एवढीच प्रतिक्रिया दिली.

मूग कुठेही मिळतात. तूरडाळ आणि हिंग मात्र नेहमीच्या दुकानात नाहीत. थाओबाओ या ऑनलाइन बाजारात भारतीय किराणा विकणारे आहेत, दोन-तीन दिवसांत घरपोच. मी कापडाच्या कामाला शाओशिंगच्या कछ्याओ बाजारात जाते, तिथे आपले व्यापारी इतके की भारतीय वाणसामान सहज मिळतं. येताना पिशवी तिथूनच भरते. तुमचा व्यवसाय कापडाचा असेल तर तुम्हालाही तिथे यावंच लागेल. हिंग मात्र घरूनच आणा.

मुलगी आणि जावई शांघायला असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कधी लागतं, कधी लागत नाही. ती म्हणते वीचॅट घ्या, पण ते इथे मिळतच नाही. शिवाय हिवाळा संपल्यावर आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. आम्ही दिवसभर करायचं काय?
– एक निवृत्त वाचक, पुणे

काका, यात तुमचा दोष नाही आणि मुलीचाही नाही. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब बंद आहेत. आणि भारताने जून २०२०मध्ये ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत वीचॅट होतं. म्हणजे तिचं तुमच्याकडे चालत नाही, तुमचं तिच्याकडे चालत नाही. ती व्हीपीएन, म्हणजे बंदीला वळसा घालणारं अ‍ॅप, लावून व्हॉट्सअ‍ॅपवर येते, व्हीपीएन रुसला की तुमचा फोन लागत नाही. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइमवर व्हिडिओ कॉल व्हीपीएनशिवाय होतो. आमच्या घरी माझ्या वडिलांसाठी तोच मार्ग काढला, भाच्याचा जुना फोन त्यांना देऊन. आणि रविवारी संध्याकाळी फोन नाही आला तर लगेच काळजी करू नका, बहुधा व्हीपीएनच असतो.

इकडे येताना तुमचं भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंग घालून आणा. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून त्यावर व्हॉट्सअ‍ॅप थेट चालतं. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतील.

दिवसभराचं म्हणाल तर शांघाय म्हाताऱ्या माणसांचंच शहर वाटावं असं आहे. सकाळी कुठल्याही बागेत जा, ताई-ची, पत्ते, गाण्याच्या तालावर रांगेत नाच. काकूंना हाताला धरून रांगेत ओढतील, तयारीत राहायला सांगा. पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. आईवडील उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवून त्यांवर मुलाची किंवा मुलीची माहिती चिकटवतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शांघायचा कायम रहिवासी म्हणून नोंदणी आहे का, फ्लॅट स्वतःचा का. मुलं बहुतेक वेळा हजर नसतात. आपल्या वधूवर मेळाव्यात पत्रिका विचारतील तिथे इथे फ्लॅट विचारतात, एवढाच फरक.

तुम्ही पुण्याचे म्हणून एक जास्तीचं. ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्याने चालताना हिरव्या टोकदार छपराची इमारत दिसेल. आज तिथे पीस हॉटेल आहे. १९२९ साली ती व्हिक्टर ससूननी बांधली, आणि हे ससून म्हणजे तुमच्या स्टेशनजवळच्या ससून हॉस्पिटलचे, मुंबईच्या ससून डॉकचेच. मुंबईत बसून चीनला अफू विकून या घराण्याने बराच पैसा केला. गाइड लोक आर्ट डेको बांधणीबद्दल भरभरून बोलतात, अफूचं एका वाक्यात उरकतात. आपणही ससूनसमोरून जाताना कुठे बोलतो म्हणा.

औषधं भारतातून पुरेशी आणा, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. इथल्या सरकारी हॉस्पिटलात आधी नंबर, मग पैसे, मग डॉक्टर, पुन्हा पैसे, मग तपासणी, आणि हे सगळं फोनवरून. मुलगी सोबत हवीच. रुग्णवाहिकेचा नंबर १२०. विमानाचं आता सोपं झालंय: २०२०पासून बंद असलेली थेट उड्डाणं ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता–ग्वांगझोऊने सुरू झाली, नोव्हेंबरात दिल्ली–शांघायही. मधली वर्षं आम्ही बँकॉक, हाँगकाँगच्या विमानतळांवर झोपून काढली.

चिनी लोक भारतीयांशी कसे वागतात? खरं सांगा.
– एक वाचक, ठाणे

खरं सांगायचं तर बहुतेकांना आपल्याबद्दल फारसं काही वाटतच नाही. गलवाननंतर मला घरून रोज फोन येत होते, सांभाळून राहा म्हणून. इथे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने त्याचा एकदाही विषय काढला नाही. त्याला माझं पार्सल कधी उचलते एवढ्यातच रस. टॅक्सीवाले विचारतात, पगार किती, मुलं किती, एकच का, भारतात बायकांना रात्री फिरता येत नाही म्हणतात ते खरं का. शेवटच्या प्रश्नाला मी दर वेळी वेगळं उत्तर देते. कछ्याओचे व्यापारी मात्र आपल्याला पक्के ओळखून आहेत. भारतीय गिऱ्हाईक दिसलं की पहिला भाव मुद्दाम चढा सांगतात, कारण आपण तो पाडणारच. मला त्यात अपमान वाटत नाही, उलट दोन्ही बाजू खेळ जाणून आहेत याचं बरं वाटतं. रंगावरून मान वळवून बघणं, न विचारता फोटो काढणं हे होतं, शांघायपेक्षा लहान गावांत जास्त. ते मला आवडत नाही आणि मी तोंडावर सांगते.

शेजारी कळले ते २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनामुळे शहर बंद होतं तेव्हा. अ‍ॅपवर भाजी मिळेना. इमारतीच्या वीचॅट गटावर कोणीतरी पन्नास घरांची अंडी, कोणीतरी दूध एकगठ्ठा मागवायचं. सरकारी खोक्यात कधी डुकराचं मांस यायचं. मी मासे खाते, ते खात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या दाराबाहेर ठेवून यायचे, थोड्या वेळाने माझ्या दाराबाहेर कोबी असायचा. त्याआधी लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो.

आणि कचऱ्याच्या डब्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आजीबाईंशी जमवून घ्या. जुलै २०१९पासून शांघायमध्ये कचरा चार प्रकारांत वेगळा करावा लागतो, ठरलेल्या वेळेतच टाकावा लागतो, आणि ओला कचरा पिशवीतून उलटा करून रिकामी पिशवी वेगळ्या डब्यात. नाही केलं तर दंड आहे, पण त्याआधी आजीबाई आहेत.

थंडी किती असते? आणि कुकर, मिक्सर आणावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

आकडा बघून फसू नका. जानेवारीत दोन-चार अंश म्हणजे काही फार नाही, पण ह्वाय नदीच्या दक्षिणेला घरांना सरकारी हीटिंग नाही, आणि शांघाय दक्षिणेला. हवा दमट, भिंती गार. घरातही जॅकेट घालून बसतो आम्ही. विजेवर तापणारी चादर इथेच स्वस्तात मिळते, आणू नका. जून-जुलैत जो चिवट पाऊस लागतो त्यात चामड्याला बुरशी चढते, म्हणून कोल्हापुरी चपला आणाच, पण कपाटात कोंडून ठेवू नका.

कुकर आणा, शिट्टीचा. इथे विजेचे प्रेशर कुकर उत्तम मिळतात, पण आपल्याला शिट्ट्या मोजायची सवय असते. मिक्सरही आणा. वीज इथेही जवळपास आपल्याइतक्याच व्होल्टची, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अ‍ॅडॉप्टर जाडजूड घ्या; विमानतळावर मिळतो तो पातळ अ‍ॅडॉप्टर ओल्या नारळाच्या चटणीलाच गरम होतो.