पणजोबांचा ‘चिनी’ डॉलर आणि सिंगापूरचं गिऱ्हाईक

प्रश्न : माझे पणजोबा बोटीवर खलाशी होते, सिंगापूर-हाँगकाँगपर्यंत जायचे. त्यांच्या ट्रंकेत चांदीचं एक मोठं नाणं मिळालं. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली उभी बाई, खाली 1902. दुसऱ्या बाजूला चिनी आणि उर्दूसारखी अक्षरं. सोनार म्हणाला, चांदी आहे. फोटो पाहून सिंगापूरच्या एका माणसाने ते मागितलं आणि 20,000 रुपये आगाऊ पाठवले. आता तो म्हणतो, पार्सलवर ‘शोभेची वस्तू’ असं लिहून कुरियर करा. नाणं नकली निघालं तर माझ्यावर केस होईल का? शिवाय चुलतभाऊ म्हणतो की ते ट्रंकेत नव्हतंच, जुनं घर पाडताना भिंतीत सापडलं, आणि त्याला हिस्सा हवा आहे. काय करू? (एक वाचक भगिनी, जि. रत्नागिरी)

उत्तर : पार्सल पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

वर्णनावरून हा ब्रिटिश ट्रेड डॉलर दिसतो. हाँगकाँग आणि मलायाच्या बंदरांतल्या व्यापारासाठी इंग्रजांनी तो 1895 पासून पाडायला सुरुवात केली, आणि यातली बहुतेक नाणी पाडली गेली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक. ‘उर्दूसारखी’ अक्षरं अरबी लिपीतल्या मलय भाषेची आहेत. ती आणि चिनी अक्षरं, दोन्ही ‘एक डॉलर’ एवढंच सांगतात. भिंग घेऊन त्रिशुळाचं मधलं टोक बघा. तिथे बारीक इंग्रजी ‘B’ असेल तर मुंबईचं नाणं. तुमचे पणजोबा ते परदेशातून घेऊन आले असतील, तर नाणं आपल्या गावी परत आलं म्हणायचं!

आता खरं-खोटं. वजन 26.95 ग्रॅमच्या आसपास, व्यास 39 मिलिमीटर, चांदी 90 टक्के, कडेवर दाते. सोनाराच्या साध्या काट्यावर 24-25 ग्रॅम भरलं तर तिथेच शंका घ्या. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. पाण्यात तोलून घनता काढली तर ती 10.3 च्या जवळ यायला हवी. मात्र सोनाराने ‘चांदी आहे’ म्हटलं म्हणजे नाणं अस्सल ठरलं असं नाही, नकली नाणी चांदीचीही असतात. कडेवर सांध्याची रेघ, बुळबुळीत अक्षरं, पृष्ठभागावर बारीक छिद्रं ही ओतीव नकलेची लक्षणं. उलट नाण्यावर छोटे चिनी ठसे मारलेले दिसले तर घाबरू नका. चीनमधले व्यापारी आणि सराफ चांदी पारखून असे ठसे मारत. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नका, आणि चिंच-रांगोळीने उजळवूही नका. सोनारांना याचं काही वाटत नाही, संग्राहकांना फार वाटतं. चांदीचा कस कळायला एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) यंत्रावरची तपासणी पुरे, तिने ओरखडा उठत नाही. नाणं मुळचं टांकसाळीचं की नाही, हे नाणकशास्त्राच्या जाणकाराकडून लेखी घ्या.

ही तपासणी फक्त किमतीसाठी नाही, कायदाही तिच्यावरच उभा आहे. पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती अधिनियम, 1972 प्रमाणे 100 वर्षांहून जुनं कोणतंही नाणं ‘पुरावस्तू’ ठरतं. भारतीयच हवं अशी अट नाही. कलम 3 नुसार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही पुरावस्तू देशाबाहेर नेता-पाठवता येत नाही. शिक्षा किमान 6 महिने, कमाल 3 वर्षं कैद, वर दंड. सीमाशुल्क कायद्याखालची जप्ती आणि दंड वेगळे, आणि पार्सलवर खोटं वर्णन लिहिणं हा आणखी एक गुन्हा. ते लिहिताना सही तुमची असेल, सिंगापूरच्या गृहस्थाची नाही. परदेशी संस्थेकडे नुसतं पारखायला पाठवणं हीसुद्धा निर्यातच.

म्हणजे पेच असा : नाणं खरं असेल तर ते बाहेर जाऊ शकत नाही, आणि खोटं असेल तर खरं म्हणून विकता येत नाही. त्यावर 1930 असं साल असतं तर गोष्ट निराळी होती. मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेऊन ते रीतसर पाठवता आलं असतं. (मुंबई मंडळाचं कार्यालय शीव किल्ल्यावर आहे.) तुमचं नाणं नकली निघालं तरी हाच दाखला मिळू शकेल, पण तेव्हा ते नक्कल म्हणूनच विकायचं.

फसवणुकीच्या केसची भीती तूर्त बाजूला ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो. खरं समजून विकलेलं नाणं नकली निघालं एवढ्याने गुन्हा होत नाही. पण शंका आल्यावरही तुम्ही ‘शंभर टक्के ओरिजिनल’ लिहीत राहिलात, तर मी तुमचा बचाव करायला फारसा उत्सुक नसेन. गुन्हा नसला तरी पैसे परत करायची दिवाणी जबाबदारी राहतेच. वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असायला हवा, असं मालविक्री अधिनियमाचं कलम 15 सांगतं.

देशातल्या देशात विकायला अडचण नाही. नाण्यांना सक्तीची नोंदणी नाही, आणि घरातलं एखादं नाणं विकणं म्हणजे पुरावस्तूंचा धंदा नव्हे, त्यामुळे परवानाही लागत नाही. पावतीवर वजन, व्यास, साल, तपासणीचा निकाल लिहा. ‘अस्सल’ हा शब्द जाणकाराच्या लेखी मताखेरीज लिहू नका.

चुलतभावाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 मध्ये जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशातही लपवलेली मौल्यवान वस्तू ‘निधी’ ठरते. घराची भिंत त्यात आली. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास ज्याला सापडलं त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. ट्रंकेतल्या किंवा उघड्या कोनाड्यातल्या नाण्याला यातलं काही लागू नाही. तेव्हा नाणं प्रत्यक्ष कुठे, कोणासमोर निघालं ते आत्ताच लिहून काढा, आणि जे घडलं तेच लिहा. ट्रंकेतलं असेल तर ते पणजोबांच्या सगळ्या वारसांचं आहे. चुलतभाऊ वारस असेल तर त्याचा वाटा आहेच, तो किती हे वंशावळ बघून ठरेल. त्याच्या संमतीशिवाय विकू नका.

राहिले 20,000. कायद्याने मनाई असलेल्या गोष्टीचा करार रद्दबातल असतो, आणि तसं कळल्यावर घेतलेले पैसे परत करावे लागतात (करार अधिनियम, कलमं 23 आणि 65). ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवा. सोबत एवढंच लिहा : हे नाणं 1902 चं असल्याने भारतीय कायद्याप्रमाणे पाठवता येत नाही, सौदा रद्द समजावा. ‘शोभेची वस्तू’ लिहा असं सांगणारे त्याचे मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.