पहिली हीट हीच तुझी फायनल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. ऑलिंपिकच्या निवड यादीत तुझं नाव आलं, तेही शंभर मीटरच्या वैयक्तिक शर्यतीसाठी. वाचून फार आनंद झाला. आता हातात सहा आठवडे आहेत आणि एवढ्या दिवसांत तुझा वेग काही फारसा वाढणार नाही. जी मेहनत कामी यायची ती करून झाली आहे. तरी पत्र लिहितो आहे, कारण अशा स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या बऱ्याच जणांना आपली नेहमीची वेळसुद्धा देता येत नाही. त्याची कारणं शोधायला गेलं तर ती धावण्याच्या दहा सेकंदांत कमी आणि त्याआधीच्या दीड तासात जास्त सापडतात.

आधी हीटबद्दल, म्हणजे पहिल्या फेरीतल्या गटवार शर्यतीबद्दल. नावाजलेले धावपटू पहिल्या फेरीत सत्तर मीटरनंतर अंग सैल सोडतात, इकडेतिकडे बघत रेषा ओलांडतात, हे तू टीव्हीवर शंभर वेळा पाहिलं आहेस. ते ९.८० धावणारे आहेत, त्यांना परवडतं. तुझी सर्वोत्तम वेळ १०.२० आहे. तुझ्यासाठी पहिली हीट हीच फायनल, असं समजूनच उतर. पॅरिसला २०२४ मध्ये पहिल्या फेरीच्या आठ हीट होत्या. प्रत्येक हीटमधले पहिले तीन आणि उरलेल्या सगळ्यांतून सर्वात कमी वेळ दिलेले फक्त तीन, असे सत्तावीस जण सेमीला, म्हणजे उपांत्य फेरीला गेले. म्हणजे चौथा आलास तर तुझं भवितव्य बाकीच्या सात हीटच्या हातात. त्यात वारा आला. पाठीमागून दोन मीटर प्रतिसेकंद वारा असला तर साधारण दशांश सेकंद वाचतो, तेवढाच समोरून आला तर त्याहून थोडं जास्तच नुकसान होतं. तुझ्या हीटला समोरचा वारा आणि पुढच्या हीटला पाठचा, असं घडलं तर दाद मागायला जागा नाही. तेव्हा वेळेचा हिशेब डोक्यातून काढ आणि पहिल्या तिघांत यायला धाव. फलकावर नावापुढे मोठा क्यू (Q, क्रमांकावर पात्र) लागला पाहिजे, छोट्या क्यूच्या (q, वेळेच्या आधारे पात्र) आशेवर राहायचं नाही.

सेमीलाही हेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या सू बिंगत्यानने सेमीफायनलमध्ये ९.८३ ची वेळ देऊन आशियाई विक्रम केला आणि त्याच रात्री फायनलमध्ये तो ९.९८ धावून सहावा आला. त्याने सेमीत ताकद राखून ठेवायला हवी होती, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. राखून धावला असता तर फायनलची लेन मिळाली असती याची खात्री कोणी द्यायची?

आता कॉल रूम, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंनी हजेरी देऊन थांबायची खोली. तुमच्या शर्यतीला किती वाजता हजेरी द्यायची हे वेळापत्रकात मिनिटासकट छापलेलं असतं. तिथून उलटं मोजत ये. समजा शर्यत सात वाजता आणि हजेरी साडेसहाला, तर वॉर्मअप साडेपाचच्या आतच सुरू झाला पाहिजे. दहा मिनिटं हलकं धावणं, पंधरा-वीस मिनिटं ड्रिल्स (धावण्याच्या हालचालींचे व्यायाम), मग साठ मीटरच्या तीन-चार स्ट्राइड्स (वेग चढवत मारलेल्या मोकळ्या धावा), शेवटी ब्लॉकमधून (सुटताना पाय रोवायचे ठोकळे) दोन किंवा तीन स्टार्ट, तीस मीटरपर्यंत. हे सगळं हजेरीच्या दहा मिनिटं आधी संपव. त्या दहा मिनिटांत लघवीला जाऊन ये. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आत गेल्यावर परवानगी मागत बसावं लागतं आणि तिथेच चित्त विचलित होतं.

आत गेल्यावर बॅग उघडून तपासतात. फोन, इअरफोन, स्मार्ट घड्याळ बाहेर ठेवावं लागतं, त्यामुळे गाणी ऐकून शांत होण्याची सवय असेल तर ती आजच मोड. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, हातात घेऊन बघतात. ट्रॅकच्या बुटांचा तळ २० मिलिमीटरहून जाड चालत नाही, एका बुटाला अकराहून जास्त खिळे नकोत आणि सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरच्या वर नको. काही स्टेडियमची मर्यादा याहून कमी असते, ती व्यवस्थापकाकडून आधी विचारून घे. लांब खिळे निघाले तर ते तिथेच बदलावे लागतात. अशा वेळी हात थरथरतात, खिळा आडव्या आट्यात बसतो आणि दुसऱ्याच पावलाला बूट वेगळा लागायला लागतो. बिबच्या, म्हणजे अंगावरच्या नंबरपट्टीच्या, चारही कोपऱ्यांना पिन लाव, घडी घालू नको. मांडीवर लावायला चिकटनंबर देतात तो फोटोफिनिशसाठी असतो. घाम पुसून मगच चिकटव, नाहीतर सुटतो.

मग वाट बघणं. वीस-पंचवीस मिनिटं एका खोलीत, समोर तेच सात-आठ चेहरे. कोणी डोळ्यात डोळे घालून बघतो, कोणी मांड्यांवर थापा मारतो. त्यांच्याकडे बघायचं की नाही हे तू ठरव, पण बसून राहू नको. वॉर्मअपने स्नायूंत आलेली ऊब एवढ्या वेळात ओसरायला लागते. लांब पँट आणि जाकीट अंगातच ठेव, दर चार-पाच मिनिटांनी उठ, घोट्यातून छोट्या उड्या मार, पाय झुलव. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ताणून धरत बसू नको. शर्यतीच्या तोंडावर लांब ताण दिला की स्नायूचा झटका कमी होतो.

ट्रॅकवर आल्यावर ब्लॉक लावायचे, आणि नवख्यांचा सर्वात जास्त गोंधळ होतो तो इथे. तू सरावात ब्लॉकच्या पट्टीवरच्या खाचा मोजतोस. पुढचा पाचव्या खाचेत, मागचा नवव्या. तिथे तुझे ब्लॉक नसतील. आयोजकांचे इलेक्ट्रॉनिक ब्लॉक असतील, जड, वेगळ्या कंपनीचे, खाचांचं अंतर वेगळं, मागे स्पीकर. तुझा पाचवा आकडा तिथे निरुपयोगी आहे. म्हणून मोजायचं ते रेषेपासून. सुरुवातीच्या रेषेची जी कड तुझ्या बाजूला आहे तिथे टेपचा शून्य धर आणि पॅडलच्या (ब्लॉकवर पाय टेकवायच्या फळीच्या) पायथ्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये पाठ कर. टेप विसरलास तर पावलं. बहुतेकांचा पुढचा ब्लॉक पावणेदोन ते दोन पावलांवर आणि मागचा त्याच्या मागे साधारण एक पाऊल येतो. तुझं नेमकं किती, ते आजच स्पाइक्स घालून मोजून ठेव. साध्या बुटाचं पाऊल मोठं पडतं.

पॅडलचा कोन लावून झाला की ते खाचेत टक्क बसलंय का बघ. वरून तळहाताने दाब, मग टाचेने एक लाथ मार. अर्धवट अडकलेलं पॅडल पहिल्या धक्क्याला सटकतं. पट्टीखालचे खिळे ट्रॅकमध्ये रुतले आहेत ना, हेही पाय देऊन तपास. सरावाचा एक स्टार्ट नक्की मिळतो, दुसऱ्याचा भरवसा नाही. पहिलाच खराखुरा मारून वीस-पंचवीस मीटर जा आणि परत येताना अंतर बदलायचा मोह टाळ. त्या क्षणी सगळंच चुकीचं वाटतं. चूक सहसा ब्लॉकची नसते, पोटातल्या गोळ्याची असते.

स्पीकरमुळे एक फरक पडतो, तोही ध्यानात घे. छोट्या स्पर्धेत पिस्तूल एका बाजूला वाजतं आणि आठव्या लेनला आवाज पोचायला पहिल्या लेनपेक्षा सुमारे पाव दशांश सेकंद जास्त लागतो. इथे प्रत्येकाच्या पाठीमागे एकाच वेळी वाजतं. आवाज पिस्तुलासारखा फटकन येईलच असं नाही, कधी इलेक्ट्रॉनिक टोन असतो, आणि कान त्याच्यासाठी तयार नसतो. वॉर्मअप ट्रॅकवर किंवा आधीच्या हीटच्या वेळी तो नीट ऐकून ठेव.

‘सेट’ म्हटल्यावर कंबर वर घे, खांद्यांहून किंचित उंच, पुढचा गुडघा साधारण काटकोनात, मागचा १२० ते १३० अंशांत, आणि थांब. किती थांबायचं हे स्टार्टरच्या हातात आहे. सगळे स्थिर झाल्याशिवाय तो सोडत नाही, त्यामुळे मनात एक-दोन मोजत बसलास की फसलास. आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर दाब नोंदला गेला तर तो फॉल्स स्टार्ट. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर, ताकीद नाही. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट असाच फायनलमधून बाद झाला, टोकियोच्या ऑलिंपिक फायनलमध्ये ब्रिटनचा झार्नेल ह्यूज. आवाज ऐकून निघणाऱ्या चांगल्या धावपटूंचा प्रतिसाद साधारण ०.१३ ते ०.१६ सेकंद असतो. अंदाजाने सुटून तू फार तर तीन-चार शतांश कमावशील आणि त्यासाठी अख्खी स्पर्धा पणाला लावशील. पॅरिसच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या नोआ लायल्सचा प्रतिसाद ०.१७८ होता, आठ जणांत सर्वात संथांपैकी. तीस मीटरला तो सर्वांच्या मागे होता. सुवर्ण त्यालाच मिळालं.

खाली वाकल्यावर खरोखर काही बिघडलं, पॅडल हललं, कोणी ओरडलं, तर ‘सेट’च्या आधी हात वर कर. कारण पटलं नाही तर पिवळं कार्ड मिळू शकतं, दुसऱ्या पिवळ्याला बाहेर. म्हणून हात वर करायचा तो कारण असेल तरच, पण कारण असताना संकोचून धावायचं नाही.

धावण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. फक्त एक आकडेवारी सांगतो, ती खोलीत भिंतीवर लावून ठेव. बर्लिनला २००९ मध्ये बोल्ट ९.५८ धावला तेव्हा वीस-वीस मीटरचे तुकडे असे होते: २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६. शेवटचा तुकडा त्याच्या आधीच्या तुकड्याहून संथ आहे. जगात सर्वात वेगाने धावलेला माणूससुद्धा शेवटच्या वीस मीटरमध्ये मंदावत होता. तूही मंदावणार, शेजारचाही. ऐंशी मीटरला कोणी तुझ्या पुढे सरकताना दिसला तर तो वेग वाढवत नसतो, तुझ्याहून कमी मंदावत असतो. हे ठाऊक नसलेला धावपटू तिथे जोर लावतो. जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे चढतात, हात आडवे फिरायला लागतात, पावलं लांबवण्याच्या नादात पाय शरीराच्या पुढे पडतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेकचं काम करतं. तिथे एकच गोष्ट करायची, गाल सैल सोडायचे. गाल हलत राहिले की मान आणि खांदे आपोआप मोकळे राहतात. कॅमेऱ्यात बघ, चांगल्या शर्यतीत तुझे गाल थरथरताना दिसतात.

रेषेवर छाती टाकायची ती शेवटच्या पावलाला. फोटोफिनिशमध्ये धड मोजतात, डोकं-हात नाही. दोन पावलं आधी वाकलास तर वेग जातो. पॅरिसच्या फायनलमध्ये लायल्स ९.७८४ आणि जमैकाचा किशेन थॉम्पसन ९.७८९, फलकावर दोघांचेही ९.७९. त्या वेगात हे अंतर पाच-सहा सेंटिमीटर भरतं.

सेमी आणि फायनल एकाच संध्याकाळी असतात, मध्ये जेमतेम दीड-दोन तास. तुझ्यावर ती वेळ आली, आणि यावी अशी माझी फार इच्छा आहे, तर पुन्हा पूर्ण वॉर्मअप करू नको. दहा मिनिटं चाल, कोरडे कपडे घाल, घोटाघोटाने पाणी आणि ओळखीचं काहीतरी गोड थोडंसं खा. मग थोड्या ड्रिल्स, दोन स्ट्राइड्स, एक स्टार्ट. फोनवर अभिनंदनं येत राहतील, तो फिजिओकडे देऊन टाक.

उत्तेजक चाचणीबद्दल मात्र कडक शब्दांत लिहितो. ‘स्पर्धेतला काळ’ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. त्यानंतर सर्दीची साधी गोळीही संघाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. शर्यत संपल्यावर कोणी निरोप घेऊन आला तर सही कर, आणि नमुना देईपर्यंत तो माणूस तुझ्या बरोबर राहील, त्याच्या नजरेआड जाऊ नको. कमीत कमी ९० मिलिलिटर लघवी लागते. घाबरून दोन लिटर पाणी पिलास तर नमुना पातळ निघतो आणि पुन्हा द्यावा लागतो, तास-दोन तास तिथेच जातात. पाण्याची बाटली सीलबंद असेल तीच घे, स्वतः उघड, अर्धी टेबलावर सोडून उठलास तर परत तिला तोंड लावू नको.

क्रीडाग्रामात भोजनगृह दिवसभर उघडं असतं आणि हवं तेवढं घेता येतं. शर्यत होईपर्यंत नेहमीचंच खा. पहिले दोन दिवस सगळे कौतुकाने गावभर फिरतात आणि पोटऱ्या भरून येतात. उद्घाटन सोहळ्यात तासन्तास उभं राहावं लागतं. तुझी हीट दोन-तीन दिवसांत असेल तर जाऊ नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट वाटेल, तरीही.

पोचल्यावर वॉर्मअप ट्रॅकपासून कॉल रूमपर्यंत एकदा चालून बघ आणि किती मिनिटं लागली ते कळव.

तुझा,
सर

ता. क. खिळे बदलायची किल्ली, खिळ्यांचा जादा संच, आठ पिना आणि तीन मीटरचा टेप हे सगळं विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देतीलच असं नाही. स्पाइक्सची जोडी मात्र जवळच ठेव. बाकीच्या वस्तूंचा दुसरा संच संघाच्या सामानात टाकायला आजच सांग.