खिडकीच्या लाकडी चौकटीभोवतीची फट भरून वर रंग द्यायचा आहे; ॲक्रिलिक सीलंट चालेल का, की सिलिकॉनच घ्यावं?

ॲक्रिलिकच घ्या, कारण वर रंग द्यायचा आहे आणि साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, काही दिवसांत सालपटं निघतात. ॲक्रिलिक पाण्यावर आधारलेलं असतं. त्यातलं पाणी उडून गेलं की ते घट्ट होतं, म्हणून ओलं असेपर्यंत हात आणि चौकट ओल्या फडक्याने पुसता येतात. पण त्याच कारणाने ते सुकताना आक्रसतं. फट काठोकाठ सपाट भरलीत तर दुसऱ्या दिवशी मधे खळगा दिसेल. किंचित फुगीर भरा, किंवा सुकल्यावर दुसरा हात द्या. आधी जुना माल खरवडून धूळ नीट झाडा. बहुतेक वेळा सीलंट सुटतं ते धुळीमुळे, आणि दोष ट्यूबला जातो! फट साधारण १० मिमीपेक्षा खोल असेल तर आत फोमची दोरी दाबून मगच वर सीलंट भरा. नळीचं तोंड तिरकं आणि फटीपेक्षा जरा लहानच कापा. वरची साय अर्ध्या तासात धरते, पण आतून सुकायला दिवसभर तरी द्या, मग रंग. बाहेरच्या बाजूने भरणार असाल तर पावसाची शक्यता नसलेला दिवस निवडा, ताजं सीलंट पावसात धुऊन जातं.

फक्त बाथरूम किंवा सिंकच्या कडेला, जिथे पाणी साचतं, तिथे हे वापरू नका; तिथे सिलिकॉनच लागतं.