हवाईत बीचवर मुक्काम: तंबू, व्हॅन आणि सोलापूरकरांचे प्रश्न

सोलापुरातनं हवाईबद्दल एवढे प्रश्न येतील असं कुणाला वाटणार नाही, पण येतात. पोरं अमेरिकेत नोकरीला, आई-बाबा मे महिन्यातलं इथलं ऊन चुकवून तिकडं जातात, मग पोरगं म्हणतं यंदा हवाई करू, हॉटेल परवडत नाही तर बीचवर तंबू टाकू नाहीतर व्हॅन घेऊ. इथपर्यंत चांगलंच आहे. पण त्यानंतर इन्स्टाग्रामवरचे रील बघून आणि कुणाचं तरी ऐकून जे काही ठरवलं जातं ते वाचून मला काळजी वाटते, आणि घोळ प्रत्येक वेळी तेच असतात, म्हणून अलीकडं आलेले प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न (जुळे सोलापूर): कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली की रात्री कुठल्याही बीचच्या पार्किंगमध्ये झोपता येतं ना? रीलमध्ये सगळे तसंच करताना दिसतात.

नाही येत. हवाईच्या राज्य कायद्यानं संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळात रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत उभ्या गाडीत मुक्काम करायला बंदी आहे, गाडी झोपायच्या सोयीची असली तरी बंदीच. मुक्काम करायचा तो कॅम्पिंगला परवानगी असलेल्या पार्कातच, आणि तिथंही त्या पार्काचे नियम गाडीत झोपू देत असतील तरच, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त तंबू चालतो. माउई बेटावर हानाजवळ वाइआनापानापा स्टेट पार्क आहे, तिथं कॅम्पर गाड्यांसाठी वेगळ्या जागा आखलेल्या आहेत, असं काहीतरी शोधा. दुसरं म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दिसते तशी बसएवढी आरव्ही (चाकांवरचं घर), वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या, हे डोक्यातनं काढून टाका, इथं चालते ती छोटी व्हॅन नाहीतर टपावर तंबू असलेली गाडी. आणि भाड्यानं देणारा "कुठंही थांबा, कुठंही झोपा" असं जाहिरातीत लिहीत असेल तर त्याला सरळ ईमेल करून विचारा की या गाडीत मला कायदेशीर कुठल्या पार्कात झोपता येतं, नावं द्या. उत्तर गोलमोल आलं तर ती गाडी घेऊ नका. नावं आली तरी पार्काच्या ऑफिसकडनं खात्री करून घ्या.

प्रश्न (बार्शी): कॅम्पिंगचं परमिट तिथं पोचल्यावर काढलं तर चालतं का? इथला एक एजंट म्हणतो पैसे द्या, मी "कन्फर्म बीच परमिट" काढून देतो.

दादा, एजंटला एक रुपया देऊ नका. परमिट सरकारी वेबसाइटवर तुमचं तुम्हाला काढता येतं, ते ज्याच्या नावावर असतं त्यानंच वापरायचं असतं, आणि मधला माणूस त्यात काहीच जास्तीचं करत नाही.

आता वेळेचं बघा. बीच पार्क कुणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहायचं, काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचं) की राज्याचं, कारण दोन्हींच्या साइट वेगळ्या आणि नियमही वेगळे. ओआहू बेटावरच्या काउंटी पार्कांची परमिटं मुक्कामाच्या दोन शुक्रवार आधी, तिथल्या संध्याकाळी ५ वाजता खुली होतात. म्हणजे आपल्याकडं शनिवारी सकाळी ८:३०. पोरगा टेक्सासात असेल तर उन्हाळ्यात त्याच्या घड्याळात शुक्रवारचे रात्री १०. चांगल्या जागा बघता बघता जातात, त्यामुळं अकाउंट आधीच उघडून ठेवा, तंबू किती, माणसं किती हे ठरवून बसा. आणि त्या बहुतेक पार्कांत बुधवार-गुरुवार मुक्काम बंदच असतो, बेलोज फील्डला तर फक्त शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ. लोक आधी विमानाचं तिकीट मंगळवार ते शुक्रवार काढतात आणि मग मला विचारतात की आता काय करायचं. आधी परमिटचे वार बघा, मग तिकीट. दरवर्षी हेच सांगतोय तरी "जाऊन बघू"वाले कमी होत नाहीत. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून माझ्या लिखाणावरही विसंबू नका, बुक करताना साइटवर वाचा आणि शंका आली तर काउंटीच्या पार्क विभागाला फोन लावा.

प्रश्न (अक्कलकोट): एकच व्हॅन घेऊन फेरीबोटीनं चार बेटं करता येतील का?

नाही. गाड्या नेणारी सुपरफेरी २००९ मध्ये बंद पडली, आता बेट बदलायचं तर बहुतेक वेळा विमानच, आणि प्रत्येक बेटावर गाडी वेगळी.

प्रश्न (विजापूर रोड): छोटा गॅस सिलिंडर बॅगेत टाकून नेला तर?

अजिबात नाही, चेक-इन बॅगेतही नाही आणि हातातल्याही नाही. शेगडी स्वच्छ रिकामी करून न्या, तीही एअरलाइनला विचारून. गॅस तिकडं विकत मिळतो.

प्रश्न (होटगी रोड): हवाईत भरती-ओहोटी फार नसते असं मेव्हण्यानं सांगितलं. मग तंबू पाण्याच्या अगदी जवळ लावला तर चालेल का? पोरांना पोहता येतं, गावाकडं विहिरीत शिकलीत, त्यामुळं पाण्याची भीती नाही.

सगळ्या प्रश्नांत मला याच प्रश्नानं सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो आणि विनंती आहे की घरातल्या सगळ्यांना बसवून वाचून दाखवा.

मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे. कोकणात उधाणाला भरती-ओहोटीत तीन-चार मीटरचा फरक पडतो, हवाईत तो साधारण मीटरभराच्या आतच राहतो. पण तंबू वाहून नेते ती लाट, भरती नव्हे, आणि तिथल्या लाटा हजारो किलोमीटर लांबच्या वादळातनं येतात. नोव्हेंबर ते मार्च उत्तर किनाऱ्यावर घराएवढ्या लाटा उठतात, उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्याची पाळी असते. आकाश निळं, वारा नाही, पाच-दहा मिनिटं पाणी शांत, आणि मग एकामागोमाग मोठ्या लाटांचा ताफा येतो. म्हणून जागा निवडताना वाळूवर खाली बघत चला. काटक्या, सुकलेलं शेवाळ, प्लास्टिकचे तुकडे यांची एक वेडीवाकडी ओळ दिसेल, लाट तिथपर्यंत येऊन गेलेली असते. तंबू तिच्या बराच वर, गवतावर, पार्कानं आखून दिलेल्या जागेतच. ओढ्याच्या मुखाशी तर कधीच नाही, कोरडा दिसला तरी, कारण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाच लोंढा येतो.

आता पोहण्याचं. विहिरीत पाणी जागेवर असतं, ते तुम्हाला कुठं ओढत नाही. समुद्रात ओढतं. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर दोन्हीकडं पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटताना दिसतात आणि मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो जिथं लाटाच फुटत नाहीत. समुद्राची सवय नसलेला माणूस नेमका तिथंच पोरांना घेऊन उतरतो, कारण ते शांत वाटतं. तो परतीचा प्रवाह असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथनं आत जातं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही घेऊन जातं. सापडलात तर किनाऱ्याकडं जोर लावून पोहू नका, दमून बुडाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका आणि प्रवाह सुटला की मग बाहेर या. काही बीचवर, उदाहरणार्थ ओआहूचा सँडी बीच, लाट थेट काठावरच आपटते आणि माणसाला डोक्यावर पाडते, मानेला कायमची इजा होते, तीही गुडघाभर पाण्यात. लाइफगार्ड असलेला बीचच निवडा, उतरण्याआधी त्याला जाऊन विचारा की आज कसं आहे, आणि तो नको म्हणाला तर विषय संपला.

आणि त्सुनामी. हवाई राज्यात हवाई याच नावाचं एक बेट आहे, त्यावर लाउपाहोएहोए नावाचं ठिकाण आहे, समुद्रात घुसलेली लाव्हाची सखल जीभ, तिथं आज बीच पार्क आहे आणि लोक तंबू टाकतात. १ एप्रिल १९४६ ला तिथं शाळा होती. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांपाशी भूकंप झाला, लाटा पोचायला सुमारे पाच तास लागले पण इशारा द्यायची यंत्रणाच नव्हती. समुद्र मागं हटला, तळ उघडा पडला, तो बघायला पोरं खाली गेली आणि मग पाणी आलं. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून वीसच्या वर माणसं गेली, त्यांचं स्मारक त्याच पार्कात आहे. त्यानंतर १९४९ मध्ये इशारा केंद्र उभं राहिलं. पण भूकंप जवळच झाला तर इशाऱ्यालाही वेळ पुरत नाही. २९ नोव्हेंबर १९७५ ला त्याच बेटावर हालापेच्या किनाऱ्यावर काही जण मुक्कामाला होते. पहाटे पहिला धक्का बसला, कड्यावरनं दगड पडायला लागले म्हणून काही जण समुद्राच्या बाजूला सरकले, तासाभरानं ७ पेक्षा जास्त तीव्रतेचा मोठा धक्का आला आणि पाठोपाठ समुद्र. त्यात दोघांचा जीव गेला.

त्यामुळं माझा आग्रह एवढाच आहे की पहिल्या संध्याकाळी तंबू लावायच्या आधी उंचावर जायची वाट चालून बघा, आजी-आजोबांना घेऊन, उजेड असताना. जमीन इतकी हलली की उभं राहता येईना, किंवा समुद्र अचानक मागं गेला, तर सामान टाकून त्या वाटेनं निघा, इशाऱ्याच्या भोंग्याची वाट बघू नका. भोंग्याची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी ११:४५ ला असते, तेवढी सोडली तर भोंगा म्हणजे खरंच काहीतरी आहे. हे सगळं मी घाबरवायला लिहीत नाही, पण आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला समुद्र वाचायची सवय नाही आणि ती तीन दिवसांच्या सुट्टीत लागत नाही. पोरांना त्या दिवशी पाण्यात सोडायचं की नाही हे मेव्हण्याला नाही, लाइफगार्डला विचारा.

प्रश्न (पंढरपूर): काळ्या वाळूचा बीच बघायचाय. थोडी वाळू आणली तर? आणि कासवांसोबत फोटो?

वाळू आणायची नाही, कायद्यानं गुन्हा आहे. कासवापासून निदान ३ मीटर लांब आणि मंक सीलपासून (तिथला एक समुद्री सस्तन प्राणी) १५ मीटर.

प्रश्न (सात रस्ता): पाऊस लागू नये म्हणून कुठल्या बाजूला राहावं?

पश्चिमेला. वारा ईशान्येकडनं येतो, डोंगराला अडतो, पाऊस पूर्वेला कोसळतो आणि पश्चिम बाजू कोरडी राहते, सह्याद्रीमुळं आपण कोरडे राहतो तेच हे, फक्त दिशा उलटी. हवाई बेटावर पूर्वेच्या हिलोला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पश्चिमेला स्पेन्सर बीच पार्काच्या आसपास उघडी माळरानं दिसतात. ते अख्खं बेट आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, तरी एवढा फरक. निघायच्या आदल्या दिवशी अमेरिकन हवामान खात्याचा अंदाज बघाच.

प्रश्न (जुळे सोलापूर): दुकानदारानं "बीच स्पेशल" म्हणून महागडा तंबू गळ्यात मारला. आणखी काय घ्यावं?

बीच स्पेशल असं काही नसतं. वरचं कापड खाली जमिनीपर्यंत येतं का, शिवणीवर टेप आहे का, आणि वारा खेळायला जाळी आहे का, एवढं बघा. जास्तीचं काय घ्यायचं तर तंबूखाली टाकायला जाड ताडपत्री, आणि त्याला कारण आहे. तिकडच्या कोरड्या किनाऱ्यावर कियावे नावाची झाडं असतात, ती आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. १८२८ मध्ये तिथं पहिलं झाड लावलं आणि मग सगळीकडं पसरलं. सावली छान, पण वाळलेली काडी वाळूत लपलेली असते आणि तिचा काटा चपलेचा तळ फोडून टाचेत जातो, हवेची गादी तर पहिल्याच रात्री बसते. माउईच्या पापालाउआला तंबू टाकणार असाल तर जागा आधी हातानं झाडून घ्या. नारळाखाली तंबू नको, नारळ पडतो. मऊ जमिनीत साधे खुंटे टिकत नाहीत, कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि हातभर खाली पुरा. हे सगळं आधी उजनीच्या काठावर, जागामालकाला विचारून, एक रात्र करून बघा, वारा तिथंही भरपूर असतो.

प्रश्न (बार्शी): शेंगाचटणी, कडक भाकरी नेता येते ना? कढीपत्ता?

चटणी-भाकरी चालते, खाण्याचं सामान आहे असं उतरल्यावर कस्टम्सला सांगा. ताजा कढीपत्ता, फळं, बिया नाही. शंका असलेली वस्तू विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दाखवा, लपवू नका.

प्रश्न (विजापूर रोड): आईला शुगर आहे, वय ६८, इन्सुलिन चालू. तंबूत तीन रात्री झेपेल का?

ताई, हे मी ठरवू शकत नाही, त्यांचे डॉक्टरच ठरवतील. निघायच्या निदान महिनाभर आधी त्यांच्याकडं जा आणि हे प्रश्न लिहूनच न्या: साडेपंधरा तासांच्या वेळेच्या फरकात डोस कसा बदलायचा, उघडलेलं इन्सुलिन फ्रिजशिवाय किती दिवस टिकतं, शुगर उतरली तर काय. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवायचं नाही, ते खराब होतं आणि दिसतं मात्र तसंच. माझी खरी काळजी त्यांच्या पायांची आहे. बधिर पायाला तापलेली वाळू, प्रवाळाची कड किंवा तो कियावेचा काटा कळत नाही आणि जखम चिघळल्यावर समजतं. पाण्यातसुद्धा बंद बूट, रोज रात्री टॉर्चच्या उजेडात तळवे तपासायचे, साधा ओरखडा दिसला तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिकडं दवाखान्याचा खर्च भयंकर असतो, म्हणून विमा घेताना आधीपासूनचा आजार धरलाय का ते लेखी घ्या, एजंटच्या तोंडी "हो" वर जाऊ नका. आणि डॉक्टर नको म्हणाले तर त्या रात्रींपुरती आईंसाठी जवळच एक खोली घ्या, दिवसभर त्या तुमच्यासोबत बीचवर असतीलच.