कोचला नारळ द्यायचा की अजून एक सीझन थांबायचं?

प्रश्न: दादा नमस्कार. मुलगा अमेरिकेत ज्या कॉलेजात शिकतो (नाव नका छापू) तिथली बास्केटबॉल टीम सलग दुसऱ्या वर्षी मार खातेय. नवरा म्हणतो या कोचला आत्ताच घालवा, मुलगा म्हणतो थांबा, ड्यूकच्या 'कोच के'ला तरी पहिली तीन वर्षं कुठे काय जमलं होतं. रोज जेवताना हाच वाद. मला खेळातलं फार कळत नाही, पण कोणाचं बरोबर ते सांगा.
– एक ताई, न्यू जर्सी

उत्तर: ताई, मुलगा सांगतोय ते खरं आहे, फक्त गोष्ट अर्धीच सांगतोय. माईक शशेफ्स्की, म्हणजे तुमच्या मुलाचा 'कोच के', 1980 मधे ड्यूक युनिव्हर्सिटीला आला आणि पहिल्या तीन सीझनची बेरीज 38 विजय, 47 पराभव. 1983 च्या एसीसी (ड्यूक ज्या कॉन्फरन्समधे, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळतं ती) टूर्नामेंटमधे तर व्हर्जिनियाने 109-66 असा धुतला त्यांना. देणगीदार हात धुऊन मागे लागलेले, काढा काढा म्हणून, आणि तेव्हाचे ॲथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या खेळांचे प्रमुख) टॉम बटर्स यांनी काय करावं, तर जानेवारी 1984 मधे उलट त्याचं कॉन्ट्रॅक्टच वाढवून दिलं. पुढे 5 नॅशनल टायटल्स, 2022 मधे मानाने रिटायर. हे सगळे सांगतात.

आता उरलेली अर्धी. 1982-83 ची जी टीम 11-17 (11 विजय, 17 पराभव) अशी हरली ना, तिच्यात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन ही पोरं फर्स्ट इयरला होती. हीच पोरं शेवटच्या वर्षाला आली तेव्हा ड्यूक 37-3, थेट नॅशनल फायनल, तिथे लुईव्हिलकडून 72-69 असे हरले. म्हणजे बटर्स नुसता देवावर भरवसा ठेवून बसले नव्हते, कोर्टवर बघण्यासारखं काहीतरी होतं. आणि त्या काळात कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागायचं, त्यामुळे पोरं सहसा जायची नाहीत. कोचला चार वर्षं मिळायची कारण पोरं चार वर्षं राहायची, इतकं साधं होतं ते.

2021 पासून ते संपलं. एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येईल असा नियम आला, 2024 मधे तर कितीही वेळा बदला म्हणाले. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांची ऑनलाइन यादी, तिच्यात नाव टाकायचं की झालं. त्यामुळे 'थांबा, पोरं मोठी होतील' हे बोलायला छान वाटतं, पण मोठी होणारी ती पोरं पुढच्या वर्षी भलत्याच कॉलेजच्या जर्सीत असतात!

जॉर्जटाउनचं बघा. पॅट्रिक युइंग म्हणजे तिथला देवच, 1984 चं टायटल त्याच्याच जोरावर. 2017 मधे कोच म्हणून आणला. 2019 च्या डिसेंबरमधे भर सीझनमधे जेम्स अकिंजो आणि जॉश लब्लाँक सोडून गेले, अकिंजो म्हणजे आदल्याच वर्षीचा बिग ईस्टचा (ही जॉर्जटाउनची कॉन्फरन्स) बेस्ट फ्रेशमन, म्हणजे फर्स्ट इयरचा खेळाडू, बरं का. 2020 मधे मॅक मक्लंग पण गेला, जो पुढे एनबीएचा डंक कॉन्टेस्ट जिंकला. मग 2021 मधे सगळ्यांना चकित करून बिग ईस्ट टूर्नामेंट जिंकले, फायनलमधे क्रायटनला 73-48 आणि सगळे म्हणाले, बघा, फळ मिळालं. पुढच्याच सीझनला 6-25, कॉन्फरन्समधे 19 पैकी 19 हरले. तरीही ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी 7-25. कॉन्फरन्सच्या लागोपाठ 29 मॅचेस हरल्यावर जानेवारी 2023 मधे एकदाची डीपॉलविरुद्ध जिंकले आणि मार्चमधे युइंगला काढलं. माझ्या मते पोरं जायला लागली तेव्हाच कळायला हवं होतं, त्या एका ट्रॉफीने सगळ्यांचे डोळे दिपले.

तर ताई, आज जेवताना मुलाला एवढंच विचारा की फर्स्ट आणि सेकंड इयरमधले चांगले तीन खेळाडू कोण आणि ते सीझन संपल्यावर एप्रिलमधे राहणार आहेत का. राहणार असतील तर हरले तरी अजून एक वर्ष द्या, मी मुलाच्या बाजूने. तेच निघून जात असतील तर नवरा बरोबर. स्कोअरबोर्ड त्यानंतर बघा.

प्रश्न: कोचला काढलं की उलट त्यालाच कोट्यवधी द्यावे लागतात म्हणे, हा काय प्रकार आहे? आणि हे पैसे आमच्या फीमधून जातात का?
– एमएस करणारा वाचक, मूळ गाव सांगली

उत्तर: याला बायआउट म्हणतात. कॉन्ट्रॅक्ट सहा-सात वर्षांचं करायचं, म्हणजे नवीन पोरांना वाटतं कोच टिकणार, आणि मधेच काढलं तर उरलेल्याची भरपाई द्यायची. इंडियाना युनिव्हर्सिटीने 2021 मधे कोच आर्ची मिलरला काढलं तेव्हा आकडा 1 कोटी डॉलरच्या वर होता. तो खासगी देणगीदारांनी भरला. मोठ्या कॉलेजात टीव्ही, तिकिटं आणि देणग्या यांच्यावर बरंच चालतं, लहान कॉलेजात मात्र विद्यार्थ्यांकडून ॲथलेटिक फी सर्रास घेतात, तेव्हा तुझं बिल उघडून नीट वाच.

केंटकीची गंमत ऐक. 2024 मधे ओकलंडसारख्या छोट्या कॉलेजकडून नॅशनल टूर्नामेंटच्या पहिल्याच राउंडला हरले, लोक कोच जॉन कॅलिपारीवर भयंकर चिडलेले, पण काढायचा तर 3 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास मोजायला लागणार होते. म्हणून 'तोच राहणार' असं जाहीर केलं आणि दोनेक आठवड्यांत कॅलिपारी स्वतःच आर्कान्सॉला निघून गेला. बायआउट वाचला! अशी लॉटरी दर वेळी लागत नाही.

प्रश्न: बाहेरचा आणण्यापेक्षा कॉलेजचाच जुना स्टार खेळाडू कोच केला तर त्याला जास्त कळकळ नसेल का?
– एक वाचक, कोल्हापूर (शाळेत पॉइंट गार्ड होतो!)

उत्तर: कळकळ असते हो, प्रश्न काढायच्या वेळी येतो. जुना हिरो म्हणजे घरचा जावई, त्याला नारळ कसा देणार? वर म्हटलेली 1986 ची फायनल आठवा, त्या जिंकणाऱ्या लुईव्हिलच्या टीममधे केनी पेन नावाचा फ्रेशमन होता. तोच 2022 मधे कोच म्हणून आला, आल्या आल्या 4-28, मग 8-24, शेवटी मार्च 2024 मधे काढला. त्याच सीझनला मिशिगनचा जुवान हॉवर्ड, तिथल्याच 'फॅब फाइव्ह' या गाजलेल्या पाच खेळाडूंतला, तोही 8-24 आणि तोही गेला. पण हॉवर्डने 2021 मधे बिग टेन ही मिशिगनची कॉन्फरन्स जिंकून दिली होती, त्यामुळे दोघांना एकाच मापाने मोजू नका. युइंग, पेन, हॉवर्ड तिघेही आधी कुठेच हेड कोच नव्हते, असिस्टंट होते. नाव बघून घेतलेला माणूस आणि काम बघून घेतलेला माणूस यात फरक पडतो. नॉर्थ कॅरोलायनाचा ह्युबर्ट डेव्हिस, तोही तिथलाच जुना खेळाडू, तसाच असिस्टंटचा हेड कोच झाला आणि पहिल्याच वर्षी, 2022 ला, फायनल गाठली, हे पण सांगतो नाहीतर पत्रं येतील. मात्र पुढच्या सीझनला सीझनआधीच्या क्रमवारीत नंबर वन असून ते मार्चच्या नॅशनल टूर्नामेंटमधे पण नव्हते.

लुईव्हिलने मग पॅट केल्सीला आणलं, मिशिगनने डस्टी मेला. दोघांना हेड कोचपणाचा अनुभव होता, दोघांनी पोर्टलमधून जवळपास अख्खी टीम नवी उभी केली आणि पुढच्या वर्षी दोघांचेही 27 विजय. 8 वरून 27, एका उन्हाळ्यात! हे असं होतंय हे दिसल्यावर देणगीदार थांबतील कशाला. पण जॉर्जटाउनला युइंगनंतर एड कूलीसारखा मुरलेला कोच येऊनसुद्धा पहिलं वर्ष 9-23 गेलं, नंतर 18-16. म्हणजे बदलला की लगेच जिंकलो असं काही नाही.

प्रश्न: सीझनच्या मधेच काढावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: गैरवर्तनाचा मामला नसेल तर नको. इंडियानाने 2025 मधे वेगळं केलं, फेब्रुवारीतच सांगून टाकलं की कोच माईक वुडसन सीझन संपल्यावर थांबणार आहे. शोध लवकर सुरू झाला, त्याला सीझन पूर्ण करता आला आणि टीम काही दिवसांतच मिशिगन स्टेटला त्यांच्याच घरात हरवून आली. फटकन काढण्यापेक्षा हे मला केव्हाही बरं वाटतं.