वाचकांचे प्रश्न : केंद्रातून परतलेल्या भावाला 'सोबती' कशाला?

(दारू सोडलेल्यांच्या घरून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहेत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक. छापील मजकुरात नाव न देण्याची त्यांच्या संघटनेची परंपरा आहे, म्हणून नाव दिलेलं नाही. – संपादक)

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. आता दर मंगळवारी नगरपालिकेच्या शाळेत एएच्या (दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या) मीटिंगला जातो आणि रोज संध्याकाळी एका रिक्षावाल्या काकांना फोन करतो. ते काकाही एके काळी पट्टीचे पिणारे. आई म्हणते, घरातलं परक्याला कशाला सांगायचं? आणि हा माणूस एक पैसा न घेता एवढा वेळ का देतो? त्यात पुढच्या महिन्यात चुलतभावाची हळद आहे. काय करावं?
– एक बहीण, वाळवा तालुका

उत्तर : ताई, आईंची शंका रास्त आहे. फुकट कोण काय देतं या दिवसांत? पण त्या काकांना काय मिळतं ते समजलं, की बाकीचं आपोआप कळेल.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी 1935 साली सुरू झाली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला तिथं गेला होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, आणि एका बाजूच्या बारमधून गप्पा-हसण्याचे आवाज येतायत. आता आपण आत जाणार हे त्याला कळून चुकलं. तो फिरला आणि लॉबीतल्या यादीवरून चर्चवाल्यांना फोन लावायला लागला : मला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. अशी गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही म्हणून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. पुढच्याच महिन्यात, 10 जूनला, त्यांनी शेवटचा घोट घेतला. एएचा जन्म त्याच तारखेचा धरतात.

बिलने फोन लावला तो स्वतःला वाचवायला. तुमचे रिक्षावाले काकाही तेच करतायत. तुमच्या भावाशी बोलतात ती संध्याकाळ त्यांचीही कोरडी जाते. म्हणून त्यांना पैसे देऊ नका, साडी-चोळीचा आहेरही नको. चहा पाजा, पुष्कळ झालं.

आमच्यात या नात्याला स्पॉन्सर म्हणतात. मी आपला सोबती म्हणतो. माझे सोबती शिंपी होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ड्युटी सुटली की माझा घरचा रस्ता देशीच्या दुकानावरून जायचा. अण्णांनी रस्ता बदलायला सांगितलं नाही. म्हणाले, 'घरी जायच्या आधी माझ्याकडे ये, काम पडलंय.' काम कसलं, तर जुन्या पँटींची शिलाई उसवायची. तेव्हा माझे हात असे थरथरायचे की सुईत दोरा ओवता आला नसता. उसवायला मात्र थरथरते हात चालतात. ब्लेडनं एकेक टाका कापायचा, दोरा ओढायचा, चिंध्या डब्यात. एवढ्यात दिवेलागण होऊन जायची आणि ती वेळ टळायची. 'आज घेतलीस का?' हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, 'जेवलास का?' पोट रिकामं, डोकं तापलेलं, माणूस एकटा आणि दमलेला, या चारांपैकी दोन जरी एकत्र आले तरी पाय बारकडे वळतात, हे त्यांना पाठ होतं. पगाराच्या दिवशी तर ते डेपोसमोरच्या चहाच्या गाड्यावर स्वतःच येऊन बसायचे.

हे काम बायको करू शकत नाही का, असं पुष्कळजणी विचारतात. ती तोंडाचा वास घेईल, खिसे तपासेल, रडेल, शपथ घालेल. तिचा हक्कच आहे तो, भोगलंय तिनं. पण त्यानं घरात पोलीस आणि चोर असे दोन पक्ष पडतात. सोबत्यापुढे चोरी चालतच नाही, कारण बाटली संडासाच्या टाकीत लपवायची युक्ती त्यानं आपल्या आधी केलेली असते.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 ला सुरू झालं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते. तिथंही पूर्वी पेशंट म्हणून आलेली किती माणसं पुढे कार्यकर्ते झाली. नवा आलेला माणूस डॉक्टरांच्या डिग्रीला मान देतो, पण विश्वास ठेवतो तो 'मीही याच खाटेवर झोपलो होतो' म्हणणाऱ्यावर. याला अभ्यासाचाही आधार आहे. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून सलग दूर राहण्यात एए आणि तिच्याशी माणसाला जोडून देणारे उपचार इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणून डॉक्टर नकोत असं नाही. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. तिथं सोबत्याचं काम एकच, रिक्षा काढायची आणि दवाखाना गाठायचा.

काकांची पारख कशी करायची? उसने पैसे मागितले, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितलं किंवा भावाला मीटिंगपासून तोडून 'माझ्याकडेच ये' म्हणाले, तर सोबती बदला. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, हा आमचा सर्वसाधारण रिवाज आहे आणि तो बरा आहे. आणि ताई, भाऊ त्यांच्याशी काय बोलतो हे काकांना विचारू नका. त्यांनी सांगितलं तर तेच नालायक समजा.

हळदीचं : भावाला घरून पोटभर जेवून निघू दे. काकांना आमंत्रण द्या, दोघं एकाच गाडीवर येतील आणि वाटेल तेव्हा निघतील. हातात कोकम सरबताचा ग्लास असला की 'एकच घे रे, लग्न रोज रोज होतंय का' म्हणणारे मामा जरा लांब राहतात. डीजे सुरू व्हायच्या आधी निघाला तर 'एवढ्यात कुठे चाललास' म्हणून अडवू नका. आणि घसरलाच कुठे, तर रात्री भांडू नका. सकाळी काकांना फोन त्यालाच करू दे.

आईंसाठी एक : दारुड्यांच्या घरच्यांची वेगळी संघटना आहे, अल-अनॉन. मुक्तांगणातही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. आईंना न्या. पोरगा सुधारला तरी त्यांची झोप अजून उडालेलीच असणार.

प्रश्न : एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात वाचली. पावडर चहातून देतात म्हणे. नवरा केंद्रात जायला तयार नाही. देऊ का?
– एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : मुळीच नको. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण सांगून द्यायचं असतं. नकळत पोटात गेलं आणि वरून त्यानं दारू घेतली, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणं, आणि हृदय कमजोर असेल तर मरणही. शिवाय ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचा चहा घेणार नाही. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं आधी तुम्ही बोला. नवरा तयार नसला तरी घरच्यांनी मदत घ्यायला बंदी नाही.

प्रश्न : दारू सोडून वर्ष होऊन गेलं. तरी गावात कोणी काम देत नाही, 'हा परत पिणार' म्हणतात. घरी लग्नाचं चाललंय. मुलीकडच्यांना सांगायचं की नाही?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : गावाचा भरवसा तुम्ही मोडायला किती वर्षं घेतली? मग परत मिळवायला थोडी द्या. मीटिंगमध्ये आम्ही नव्या माणसाला आधी खुर्च्या मांडायला सांगतो, मग चहाची जबाबदारी, मग खोलीची किल्ली. किल्ली हातात आली की दर आठवड्याला वेळेवर यावंच लागतं, आणि ते चार लोक बघतात. बाहेरही तसंच. पहिलं काम कमी पैशाचं घ्या, उचल मागू नका, आणि मालकाला तुमच्या सोबत्याचा नंबर देऊन ठेवा. तो गैरहजेरीच्या दिवशी आधी त्यालाच फोन करेल. आमच्यातल्या एकाला असंच ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये हेल्परचं काम लागलं, आता मालक बाहेरगावी गेला की गल्ला त्याच्याकडे असतो.

मुलीकडच्यांना सांगायचं, आणि सुपारी फुटायच्या आधी सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर गावातला कोणीतरी आठ दिवसांत सांगेलच, आणि वर दोन बाटल्या वाढवून सांगेल. बोलणीला सोबत्याला बरोबर न्या. मुलीच्या बापाला जे प्रश्न तुम्हाला विचारायला अवघड वाटतील, ते तो सोबत्याला विचारेल.