वाचक विचारतात : मदरबोर्ड गेला, असं म्हणण्याआधी

गणपती झाले की माझ्याकडे पत्रं वाढतात. मुंबईहून आलेला मुलगा किंवा भाचा जाता जाता घरातला संगणक लावून बघतो, तो चालत नाही, सुट्टी संपते आणि मग मागे राहिलेले आई-वडील मला लिहितात. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना जास्त जागा देते आहे, कारण ती दुखणी आपल्या सगळ्या किनारपट्टीची आहेत.

प्रश्न : ताई, मुलाने दोन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून घरीच संगणक जोडून दिला. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि बिलं त्याच्यावर करतो. मे अखेर हंगाम आटोपला तसा प्लॅस्टिकच्या कव्हरात झाकून ठेवला. गणपतीत लावला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. दुकानात दाखवला, तर ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले. नवा घेऊ का?
— आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : इतक्यात घेऊ नका. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मोठी पाटी, ती इतक्या सहज जात नाही. चांगला चालणारा संगणक तुम्ही मे महिन्यात नीट बंद केलात, तीन-चार महिने त्याला कुणी हात लावला नाही आणि तो बिघडला. वापराने झिजला म्हणावं तर तो वापरलाच नव्हता. तो ओलीने बिघडला असावा, आणि ओलीचं दुखणं बहुतेक वेळा पुसून बरं होतं.

आपल्याकडच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. खिडकीच्या गजांना जो गंज चढतो तो त्यांचाच. हे कण पंख्यावाटे कॅबिनेटमध्ये जातात आणि प्रत्येक भागावर बसतात. उन्हाळ्यात ते कोरडे असतात, काही करत नाहीत. पण हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः ओलं होतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला मृगानंतर पाणी सुटतं ना, तेच तुमच्या रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या) स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत होतं. रोज तास-दोन तास चालणारा संगणक आतून गरम राहतो, त्यामुळे तिथे ओल टिकत नाही. तुमचा बंद होता, वर कव्हर होतं. प्लॅस्टिकने धूळ अडते, पण आत शिरलेली ओल तिथेच कोंडून राहते.

आता करायचं काय? प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि रॅम काढा. तिच्या सोनेरी पट्ट्या दारातल्या उजेडात तिरप्या धरून बघा. चकाकीच्या जागी मळकट किंवा हिरवट डाग दिसले तर दुखणं सापडलं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन पट्ट्या पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. स्लॉट कोरड्या, मऊ ब्रशने झाडून घ्या.

खोडरबराचा उपाय सगळे सांगतात. नाइलाजाने एकदा, अगदी हलक्या हाताने केला तर चालेल. पण दर महिन्याला रॅम काढून खोडरबर फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. तो सोन्याचा मुलामा केसाच्या जाडीच्या कित्येक पट पातळ असतो. तो घासून गेला की खारी ओल थेट खालच्या धातूला भिडते आणि मग कुठलंही अल्कोहोल उपयोगी पडत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्यात. टक्‌ असा आवाज येऊन कडी बसेपर्यंत दाबा. डिस्प्ले नाही आला तर ती काढून तिथेच दुसरी लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर बिघाड कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रॅमनंतर ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र पाठवणारं वेगळं कार्ड) असेल तर तेही असंच काढून, पुसून बसवा.

बऱ्याच नव्या मदरबोर्डवर कडेला चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट (संगणक सुरू होणं). कुठला दिवा लागून अडकतो ते बघा, शोध तिथूनच सुरू करता येतो.

हे सगळं करूनही काही झालं नाही, तर एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा, तपासा. पूर्वी माझ्याकडे वेंगुर्ल्याहून असाच एक संगणक आला होता, ‘बोर्ड गेला’ असं ऐकून आलेला. मी एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारली तर आत पाल मरून पडली होती. कॅबिनेटच्या मागची एक पत्र्याची पट्टी कुणीतरी काढून ठेवली होती, उबेला पाल तिथून शिरली. एसएमपीएस बदलला आणि तो बोर्ड आजही चालतो आहे. तुमच्या मागच्या पट्ट्या सगळ्या जागेवर आहेत ना, तेवढं बघा. मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना जुन्या चार तारांच्या जोडणीत पिवळ्या आणि काळ्या तारेमधला दाब मोजा. तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवा. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात.

हे सगळं झाल्यावर मग मदरबोर्डचं नाव घ्या. आणि पुढच्या आगोटीला संगणक झाकून ठेवू नका. पावसाळाभर रोज तासभर चालवा, काम नसलं तरी.

प्रश्न : आमचं छोटं होमस्टे आहे. बुकिंगच्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत. वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीवरच्या बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला तार मारून दिली, झिणझिण्या थांबल्या. पण कीबोर्ड मधूनच बंद पडतो. कीबोर्ड बदलू का?
— मालवण

उत्तर : कीबोर्डचं नंतर बघू. आधी मेन स्विच बंद करून ती तार काढून घ्या. आजच. ती निघेपर्यंत संगणक लावू नका.

झिणझिण्या का येत होत्या ते सांगते. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. संगणकात बिघाड नव्हता. घराला अर्थिंग नाही, एवढंच तो सांगत होता.

न्यूट्रलला जोडल्यावर झिणझिण्या थांबल्या हे खरं. पण वाऱ्यात माडाची झावळ लाइनवर पडून न्यूट्रलची तार तुटली, तर त्या जोडणीतून कॅबिनेटचा पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर येतो. पाहुण्यांची मुलं जिथे हात लावतात तिथे. आपल्याकडे झावळ्या किती पडतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

खरा उपाय अर्थिंगचा खड्डा. आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडं पडून निकामी होतं. म्हणून खड्डा घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब, शक्यतो न्हाणीचं किंवा माडाच्या अळ्यातलं पाणी जिथे मुरतं तिथे घ्या. कोळसा आणि मीठ भरा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. काम झाल्यावर जाणत्या वायरमनकडून समोर उभं राहून मोजून घ्या : फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट, जवळजवळ तेवढेच फेज-अर्थ हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये तीनच्या आत. खड्डा नसलेल्या घरात हा आकडा अगदी शून्य दिसला, तर कुणीतरी बोर्डात तार मारून ठेवली आहे असं समजा. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. माणसाच्या जिवासाठी आहे तो, त्यात काटकसर नको.

यानंतरही कीबोर्ड अडला तर तो दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघा. खाऱ्या वाऱ्याने समोरच्या पोर्टचे पत्रे लवकर खराब होतात, मागचे मदरबोर्डवरचे पोर्ट बरेचदा चांगले असतात.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि बँकेचं संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. व्हायरस आहे का?
— निवृत्त शिक्षिका, गुहागर

उत्तर : नाही बाई, सेल संपला आहे. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढून तो बदला आणि तारीख एकदा नीट लावा. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. तुमचं घड्याळ चुकीचं वर्ष दाखवतं, म्हणून ती तपासणीत नापास होतात. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याची आपली सवय चांगली आहे, विजांच्या दिवसांत तर हवीच. पण मग घड्याळ पूर्णपणे सेलवर चालतं आणि सेल लवकर उतरतो. दर तीनेक वर्षांनी बदलत जा.

प्रश्न : वानरांनी कौलं सरकवली आणि पावसाचं पाणी थेट कॅबिनेटवर गळलं. मी घाबरून प्लग काढला, तीन आठवडे झाले, अजून लावलेला नाही. आता लावू?
— राजापूर तालुका

उत्तर : न लावण्यात तुम्ही मोठं शहाणपण केलंत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे चिखलाने भरलेली कॅबिनेटं येत होती. ज्यांनी ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबलं होतं, त्यांचे बोर्ड जळालेले होते. ज्यांनी हात लावला नव्हता, त्यांतले काही धुऊन, वाळवून चालू झाले. ते संगणक परत नेताना लोकांचे चेहरे मला अजून आठवतात.

लावण्याआधी उघडा. सेल, रॅम, कार्ड काढा. कौलांवरून आलेलं पाणी मातकट असतं, वाळलं तरी माती राहते आणि ती पुढे ओल धरते. अल्कोहोलने आणि ब्रशने ते डाग काढा. टेबलफॅनसमोर दोन दिवस ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ स्लॉटमध्ये जातं. पाणी एसएमपीएसमध्ये गेल्याची खूण असेल तर तो नवाच घ्या.

प्रश्न : मी बारावीत आहे. साठवलेल्या पैशांतून डीडीआर ५ चा पीसी स्वतः जोडला. बटण दाबलं, पंखे फिरले, मिनिटभर काळा स्क्रीन. घाबरून बंद केला. पाच वेळा असंच. काय चुकलं?
— अलिबाग

उत्तर : बहुधा काहीच चुकलेलं नाही, थांबायचं राहिलं. डीडीआर ५ चे, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचे, बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतात, त्याला काही मिनिटं लागतात. तू दरवेळी मध्येच बंद केलास, म्हणून त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता बटण दाब आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस.

तरी नाही आला, तर तीन गोष्टी बघ. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला आहे की मदरबोर्डला? कार्ड असेल तर कार्डलाच हवी. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वेगळी केबल लावली आहेस का? ती राहिली तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो. आणि बोर्डाखाली, जिथे बोर्डला भोक नाही तिथे, एखादा पितळी खुंट तर राहिला नाही ना? काय सापडलं ते मला कळव. न सापडलं तर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या मदरबोर्डवरच्या चार दिव्यांपैकी कुठला अडकतो आहे ते लिही, आपण तिथून पुढे जाऊ.